पाव टाकीच्या खाली

हॉलिस ब्रॅनन यांना जाऊन अडीच महिने झाले होते, पण ते अजून घरातच होते. स्वयंपाकघरात, फ्रिजच्या वर, कॉर्नफ्लेक्सचं खोकं आणि जुना रेडिओ यांच्या मधोमध, एका करड्या डब्यात. डब्यावर त्यांचं नाव, जन्मतारीख आणि दहनगृहाचा फोन नंबर होता. त्यांच्या पत्नी मिस ओपल (तिकडे वयस्क बायकांना लग्नानंतरही 'मिस'च म्हणतात) रोज सकाळी डब्यावरची धूळ पुसत आणि म्हणत, "बस अजून थोडे दिवस, हॉलिस."

हॉलिसनी जाण्यापूर्वी आपल्या हातानं तीन कलमं लिहून ठेवली होती. एक, राख समुद्रात सोडावी, कायद्यात म्हटलं आहे तशी किनाऱ्यापासून तीन मैलांच्या पलीकडे. दोन, आपल्याच बोटीतून. तीन, बोट लायलनं चालवावी. तिसऱ्या कलमाच्या खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती: जमेलच असं नाही, पण बघू. सोबत एक चिकटवलेलं पाकीट होतं. त्यावर लिहिलं होतं, 'तीन मैल ओलांडल्यावरच उघडणे.'

लायल हॅगवुड हा हॉलिस यांचा एकुलता एक जावई. ऑयस्टर लँडिंगच्या हायस्कुलात तो भूमिती शिकवायचा. फ्लॉरिडाच्या त्या किनाऱ्यावर ज्याला बोट बांधता येते त्याला माणूस म्हणतात आणि ज्याला येत नाही त्याला नाव ठेवतात. लायलचं नाव 'मास्तर' असं पडलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी सासऱ्यांनी त्याला बोट धक्क्याला बांधायला सांगितली होती. त्यानं बांधली, दोरीचे कोन वगैरे पाहून बांधली. दुपारी ती तीन घरं पलीकडे बर्नीस टकर यांच्या धक्क्याला लागलेली सापडली. त्याला सव्वीस वर्षं होऊन गेली, पण अजूनही गावात कुणाच्या बुटाची नाडी सुटली की लोक म्हणत, "मास्तरची गाठ वाटतं."

म्हणून ते तिसरं कलम लायलनं चारदा वाचलं होतं. खालची बारीक ओळ बहुधा त्याहून जास्त वेळा. सासरे हयात असताना एक गोष्ट धड करून दाखवायची राहिली होती. आता ते डब्यात होते, पण बोटीवर असणार होते. संधी म्हणायची तर हीच.

बोट बावीस फुटी होती आणि तिचं नावही 'मिस ओपल' होतं. म्हणजे गावात मिस ओपल दोन होत्या. एक चर्चमध्ये दुसऱ्या बाकावर बसायची, दुसरी धक्क्याला बांधलेली असायची. बोलणं कुठल्या मिस ओपलबद्दल चाललंय ते ऐकणाऱ्यानं क्रियापदावरून ओळखायचं, अशी गावाची रीत होती. तीस वर्षं त्यात कधी घोटाळा झाला नव्हता.

एप्रिलमधल्या एका शनिवारी सकाळी नऊ वाजता पाचजण बोटीत बसले. मिस ओपल पुढच्या बाकावर, मांडीवर डबा, डब्यावर पर्स, पर्समध्ये पाकीट. शेजारी त्यांची मुलगी ट्विला, म्हणजे लायलची बायको. तिच्यापलीकडे बॅप्टिस्ट चर्चचे पाद्री ब्रदर अमॉस, ज्यांना बांधलेल्या बोटीकडे नुसतं बघूनही मळमळत असे. आणि मागे, इंजिनाजवळ डूली. डूली गावातली इंजिनं दुरुस्त करायचा आणि चाळीस वर्षं हॉलिस यांचा मित्र होता; त्यांना तो 'कॅप्टन' म्हणायचा.

डूलीनं पेट्रोलच्या काट्याकडे पाहिलं. काटा पाव टाकीच्या रेघेच्या केसभर वर होता.

"भरून घे," तो म्हणाला.

"चाळीस गॅलनची टाकी आहे," लायल म्हणाला. "पाव म्हणजे दहा. जाऊन-येऊन सात मैल धर. चार गॅलन लागतील, फार तर पाच. निम्मं उरतंय."

"कॅप्टन पावच्या खाली कधी जायचा नाही."

"का?"

"मी विचारलं नाही."

"चाळीस वर्षांत एकदाही नाही?"

"म्हणून तर चाळीस वर्षं टिकलं."

लायलनं हा मुद्दा आकडेमोडीच्या लायकीचा मानला नाही. त्यानं किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं, दोरी सुटली (या वेळी सोडल्यामुळे सुटली) आणि मिस ओपल मिस ओपलना घेऊन निघाली.

समुद्र शांत होता. चाकाशेजारच्या पडद्यावर किनाऱ्यापासूनचं अंतर उमटत होतं. एक मैल. दीड. दोन. ब्रदर अमॉसनी डोळे मिटून प्रार्थनेची पहिली ओळ मनात जुळवायला घेतली. पडद्यावर दोन पूर्णांक सहा दशांश उमटलं, आणि इंजिन खोकलं. मग आणखी एकदा. मग एखाद्या म्हाताऱ्यानं वाक्य अर्धं सोडून खुर्चीत डोळे मिटावेत तसं ते शांत झालं.

लायलनं किल्ली पुन्हा फिरवली. पुन्हा फिरवली. काटा पावच्या रेघेच्या जेमतेम खाली होता.

"पेट्रोल आहे," लायल म्हणाला.

"काट्याला आहे," डूली म्हणाला. "इंजिनाला नाही."

पाच मिनिटं बोट नुसती हलत राहिली. शेवटी ट्विला म्हणाली, "ममा, इथंच सोडू या का डॅडीला? चार दशांश मैल तर राहिलंय. कोण मोजतंय?"

"तो मोजायचा," मिस ओपल म्हणाल्या. "तुझ्या बापानं जन्मात कायद्याच्या मापाहून पाव इंच आखूड मासा घरी आणला नाही. पट्टी लावायचा, आणि आखूड निघाला तर 'सॉरी, बाबा' म्हणून पाण्यात सोडायचा. त्याला मी आखूड सोडू?"

"मग पाकीट तरी उघड. बोटीबद्दल काही लिहिलं असेल त्यात."

"तीन मैल ओलांडल्यावर, असं लिहिलंय वर."

"अगं, पण इथंच अडकलो तर..."

"ट्विला."

एवढ्यात डूलीनं नाक वर करून हवा हुंगली. मग बाकाखालच्या बर्फाच्या पेटीपाशी वाकला, झाकण उघडलं, आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"हे कुणाचं?"

"आमच्या हिनं दिलंय," ब्रदर अमॉस म्हणाले. "विधी झाल्यावर सगळ्यांनी थोडं थोडं घ्यावं म्हणून. केळ्यांचं पुडिंग."

त्या किनाऱ्यावर बोटीवर केळं नेत नाहीत, अपशकुन मानतात. का नेत नाहीत हे विचारणाऱ्यालाही पुढच्या वेळी नेत नाहीत. ब्रदर अमॉस डोंगराळ भागातून आलेले, गावात येऊन त्यांना अकराच वर्षं झाली होती.

"मला वाटलं, पुडिंगला चालत असेल," ते क्षीणपणे म्हणाले.

डूलीनं ते काचेचं मोठं भांडं दोन्ही हातांनी उचललं आणि पाण्यावर धरलं.

"डूली," मिस ओपल म्हणाल्या. "तीन मैलांच्या आत खरकटं टाकायचं नसतं."

"मिस ओपल, केळं आहे हे!"

"कायदा केळ्यालाही आहे."

डूलीनं भांडं परत घेतलं. टाकता येत नाही, ठेवता येत नाही. म्हणजे उरला एकच मार्ग. पेटीत वाढायचा एक डाव होता. तो आधी मिस ओपलकडे गेला, मग ट्विलाकडे, मग पुढे. बारा माणसांचं पुडिंग पाच माणसांनी उघड्या समुद्रावर, एका डावानं खाल्लं. ब्रदर अमॉसनी सगळ्यात जास्त खाल्लं, कारण ते स्वतःला जबाबदार समजत होते. पुडिंगच्या तळाशी घातलेलं शेवटचं बिस्किट त्यांनी डोळे मिटून गिळलं, तेव्हा त्यांच्या चेहऱ्याचा रंग समुद्राच्या रंगाच्या फार जवळ आला होता.

भांडं चकचकीत झाल्यावर लायलनं किल्ली फिरवली. इंजिननं 'हं' सुद्धा केलं नाही.

"आता तर केळं संपलं," तो म्हणाला.

"संपलं कुठं?" डूली म्हणाला. "पोटात आहे. आणि पोटं बोटीवर आहेत."

लायल मागे जाऊन पेट्रोलच्या गाळणीच्या पारदर्शक वाटीकडे बघत उभा राहिला. वाटीत बुडबुडे होते. इंजिन पेट्रोलऐवजी हवा ओढत होतं. त्याच्या मनात एक आकृती तयार होऊ लागली आणि बऱ्याच वर्षांनी त्याला बरं वाटलं.

इकडे डूलीनं रेडिओ उचलला आणि आपल्या नेहमीच्या काटकसरीनं सांगितलं, "मिस ओपल गेली. कुणी मोकळं असेल तर ओढायला या."

हा रेडिओ गावात धक्क्यावरच्या, गळाला लावायची जिवंत कोळंबी विकणाऱ्या दुकानात दिवसभर चालू असतो. दुकानात त्या वेळी सहा माणसं होती. पहिलं वाक्य त्यांना स्वच्छ ऐकू आलं. दुसरं खरखरीत बुडालं. त्यांनी रीतीप्रमाणे क्रियापद तपासलं. क्रियापद 'गेली' होतं. नवऱ्याची राख सोडायला निघालेली बाई समुद्रावर गेली, हे ऐकून सहाही जणांनी टोप्या काढल्या.

दुसरं वाक्यही ऐकू आलेल्या, कोळंबी पकडणाऱ्या एका ट्रॉलरनं 'मिस ओपल' ओढत धक्क्याला आणली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. घरी पोचेपर्यंत अडीच. ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती; कुणी गेलं की त्या घरी शिजवलेलं काहीतरी नेऊन ठेवायचं, अशी गावाची रीत होती. मॅकरोनी-चीज, ओव्हनमधून काढलेला चिकन-भात, भाजलेला भोपळा, उकडलेल्या अंड्यांचं ताट, बटाट्याचं सॅलड, दोन हॅम. दाराला काळी फीत. चर्चसमोरच्या पाटीवर ब्रदर अमॉस यांच्या पत्नीनं घाईघाईनं अक्षरं लावली होती. 'सिस्टर ओपल प्रभूच्या घरी पोचल्या' असं लावायचं होतं, पण अक्षरं कमी पडल्यानं 'सिस्टर ओपल घरी पोचल्या' एवढंच लागलं होतं. ते शब्दशः खरं असल्यामुळे मिस ओपलनी ते तीन दिवस बदलू दिलं नाही.

त्यांनी पर्स खाली ठेवली, डबा फ्रिजवर ठेवला आणि भांडी मोजली. मग एकेक भांडं उलटं करून तळाला चिकटवलेल्या पट्टीवरचं नाव वाचलं.

"हॉलिससाठी नऊ आली होती," त्या म्हणाल्या.

"आणि आता?" ट्विलानं विचारलं.

"चौदा." त्यांनी पुन्हा एकदा सगळीकडे नजर फिरवली. "बर्नीस टकरनं काही पाठवलेलं दिसत नाही."

मग त्यांनी चौदाही भांडी पुन्हा एकदा उलटी करून पाहिली.

दुसऱ्या दिवशी चर्च सुटल्यावर लायल बोटीवर गेला. मागच्या बाजूचं लाकडी झाकण उचलून त्यानं टाकीवरचा सांधा खोलला आणि आत उभी असलेली नळी सरळ वर ओढून काढली. पेट्रोल टाकीतून इंजिनाकडे जातं ते या नळीतून. वरून आत सोडलेली असते, तळापर्यंत. निदान तळापर्यंत असायला हवी. लायलनं आधी टाकीत काठी घालून खोली मोजली. चौदा इंच. मग नळी मोजली. साडेदहा. चुकून दुसरंच काही मोजलं असेल म्हणून त्यानं पुन्हा मोजली. तरी साडेदहाच. खालचं टोक करवतीनं कापलेलं होतं, तेही वाकडंतिकडं.

तो तिथंच टाकीशेजारी मांडी घालून बसला. चौदातून साडेदहा वजा जाता साडेतीन. साडेतीन भागिले चौदा म्हणजे बरोबर पाव. गेली तीस वर्षं या टाकीतलं शेवटचं पाव पेट्रोल कुणालाच मिळालं नव्हतं, कारण नळी तिथवर पोचतच नव्हती. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा हॉलिस ब्रॅनन यांची चूक सापडली होती, आणि ती भूमितीत सापडली होती. लायलला आनंद झाला असं म्हणणं बरं दिसणार नाही. त्यानं फक्त ती नळी घरी नेऊन जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि जेवण होईपर्यंत उचलली नाही.

"आखूड आहे," तो म्हणाला.

"डॅडीनं आखूड ठेवली?" ट्विला म्हणाली. "मासा आखूड चालायचा नाही त्याला."

"तेच म्हणतोय मी."

"मग टाकी भर आणि पुढच्या शनिवारी जाऊन ये की. संपलं."

"ट्विला, चूक सापडल्यावर तिच्यावर पेट्रोल ओतून ती झाकायची नसते."

"लायल, त्याला डब्यात बसून अडीच महिने झालेत."

"म्हणूनच नीट करून नेतो त्याला."

नवी नळी निवडायला त्याला अकरा दिवस लागले. प्लास्टिकची त्यानं नाकारली. तिला वर कुठं बारीक चीर गेली की तिथूनच हवा ओढली जाते आणि कळत नाही. पितळेची चांगली, पण अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीत दोन धातूंचं पटत नाही असं त्यानं वाचलं होतं. शेवटी अ‍ॅल्युमिनियमचीच ठरली. जुनी पाव इंच जाडीची होती, इंजिन मात्र मागाहून बदललेलं आणि तहानलेलं. म्हणून नवी दीडपट जाडीची. तळापासून किती वर ठेवायची यावर त्यानं शाळेच्या फळ्यावर आकृती काढली आणि दहावीच्या वर्गाला एक तास दिला. तळाला टेकली तर तोंड बंद होतं, फार वर ठेवली तर सासरे होतात. अर्धा इंच वर, आणि टोक पंचेचाळीस अंशांत तिरपं कापायचं, म्हणजे चुकून टेकलं तरी गुदमरणार नाही.

तो कोन त्यानं कोनमापक लावून कापला. नळी घेऊन तो डूलीच्या शेडमध्ये गेला. डूलीनं ती डोळ्याशी धरून आरपार पाहिलं.

"छान कापलीस."

"बरोबर पंचेचाळीस आहे."

"दिसतंय." डूलीनं नळी परत दिली. "टाकी भरून घे."

"डूली, आता भरायची गरजच नाही! तळातलं शेवटचं कपभर पेट्रोलसुद्धा ओढेल ही."

"तेच म्हणतोय," डूली म्हणाला. "तळातलं."

त्यानं याहून जास्त काही सांगितलं नाही, आणि लायलनं विचारलं नाही. घरी परतताना लायलनं जुनी नळी शेडबाहेरच्या भंगाराच्या पिंपात टाकली. तिचा 'टण्ण' असा आवाज झाला. त्याला तो आवडला.

मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी तेच पाचजण त्याच जागांवर बसले. ब्रदर अमॉस यांच्या पत्नीनं या वेळी लिंबाचं पुडिंग दिलं होतं. डूलीनं ते आधी धक्क्यावर उघडून पाहिलं, करंगळी बुडवून चाखलं, मग आत घेतलं. ब्रदर अमॉसनी खिसेही उलटे करून दाखवले.

काटा पावच्या खाली होता, मागच्या वेळी होता तिथंच. लायलनं एक थेंब भरला नव्हता. टाकी भरून तीन मैल जाणं कुणालाही जमलं असतं. त्याला पावच्या खालून जायचं होतं, सासऱ्यांच्या डोळ्यांदेखत.

इंजिन असं चाललं की ट्विलानं वळून नवऱ्याकडे पाहिलं. एक मैल, दीड, दोन. सहा दशांश आलं आणि गेलं. कुणी खोकलं नाही. सात. आठ. किनारा मागे पेन्सिलीच्या रेघेएवढा झाला आणि खुल्या समुद्राच्या मोठ्या लाटा बोटीला खालून उचलू लागल्या. लायलनं चाकावरचा एक हात काढून कमरेवर ठेवला. सव्वीस वर्षांत तो बोटीवर असा उभा राहिला नव्हता.

दोन पूर्णांक नऊ दशांशावर इंजिननं एक लांब उसासा टाकला आणि ते बंद पडलं.

"केळं नाहीये," ब्रदर अमॉस घाईनं म्हणाले. "मी शपथ घेतो. म्हणजे, आमच्यात घेत नाहीत, पण घेतो."

डूलीनं गाळणीची वाटी फिरवून काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी धरली. या वेळी बुडबुडे नव्हते. वाटीत पेट्रोलही फारसं नव्हतं. खाली पाणी, वर तांबूस चिखल, मधे काळे कण. आदल्या रात्रीचा कॉफीचा कप घासायचा राहून जावा तसं.

"हे कुठून आलं?" लायलनं विचारलं.

"तळातून," डूली म्हणाला. "हलवून घुसळलं लाटांनी, आणि ओढलं तुझ्या नळीनं. चांगली ओढते."

लायलनं वाटी हातात घेऊन उजेडाकडे धरली. त्यानं काढलेली आकृती निर्दोष होती. तिच्यात फक्त टाकीचा तळ स्वच्छ धरला होता.

"नांगर टाकू?" डूलीनं विचारलं.

"थांब," मिस ओपल म्हणाल्या.

त्या पडद्याकडे बघत होत्या. दोन पूर्णांक नव्वद. मग एक्क्याण्णव. ओहोटी लागली होती आणि जमिनीकडून वारा सुटला होता. बंद पडलेली बोट हळूहळू, आपली आपण, बाहेर चालली होती. सगळ्यांना ते एकदमच कळलं. ब्याण्णव. ब्रदर अमॉसनी पुस्तक उघडलं. पंचाण्णवला जरा वेळ लागला; आकडा मागे जाऊन चौऱ्याण्णव झाला, तेव्हा ट्विलानं आईचा हात धरला. मग पुन्हा पंचाण्णव. चाळीस मिनिटं पाच माणसं एका आकड्यासमोर बसून राहिली. लायल चाक धरून उभा होता. चाकाचा काही उपयोग नव्हता, पण कलमात 'लायलनं चालवावी' असं होतं.

तीनवर मिस ओपल हलल्या नाहीत. तीन पूर्णांक दोन शतांशावर त्यांनी मान डोलावली.

"आता भरतोय मापात," त्या म्हणाल्या.

ब्रदर अमॉसनी प्रार्थना म्हटली, या वेळी शेवटपर्यंत. डूलीनं टोपी छातीशी धरली. मिस ओपलनी डबा उघडला आणि वाऱ्याची दिशा बघून, पाण्याच्या अगदी जवळ वाकून, सावकाश रिकामा केला. "सॉरी, बाबा," असं काहीतरी त्या पुटपुटल्या. पाण्यावर एक करडा पट्टा उमटला, जरा वेळ बोटीसोबत वाहिला आणि दिसेनासा झाला. ट्विला रडली. लायलचेही डोळे भरून आले, आणि त्यात इंजिनाचा भाग किती आणि सासऱ्यांचा किती हे त्याला सांगता आलं नसतं.

मग मिस ओपलनी पर्स उघडून पाकीट काढलं. "चष्मा नाही आणला. तू वाच," त्या ट्विलाला म्हणाल्या.

ट्विलानं वाचलं.

"'मास्तर, हे ऐकतोयस म्हणजे तू तीन मैल पार केलेस. म्हणजे टाकी भरून निघालास. म्हणजे डूलीचं ऐकलंस. मला तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. शाबास.'"

ट्विला थांबली. सगळ्यांनी काट्याकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं.

"वाच," मिस ओपल म्हणाल्या.

"'आता एक गोष्ट सांगतो, ती डूलीलाही सांगितलेली नाही, कारण त्यानं विचारली नाही. मोठ्या वादळाच्या वर्षी टाकीत खारं पाणी शिरलं. तळाला गाळ बसला. टाकी काढायची तर अख्खा डेक कापावा लागला असता. तेव्हा मी नळीच कापली, गाळाच्या वर. खालचं पाव गाळाचं, वरचं तीन पाव आपलं. तीस वर्षं गाळ आणि मी एकमेकांच्या वाटेला गेलो नाही. तुला आकडेमोडीची खोड आहे. एक दिवस नळी मोजशील आणि म्हणशील म्हाताऱ्याची चूक सापडली. तर तेवढं करू नकोस. बाकी तुला बोट चालवता येते हे आज दिसलं. बोट तुझी. गाठ मात्र डूलीला मारू दे. हॉलिस.'"

लाटांचा आवाज येत राहिला. जिथं राख सोडली होती ती जागा आता बरीच मागे पडली होती. लायल तिकडे बघत उभा होता. सव्वीस वर्षं ज्या शब्दाची वाट पाहिली तो शब्द आला होता, लेखी आला होता, आणि तो टाकी भरून निघालेल्या कुणा दुसऱ्याच लायलला उद्देशून होता.

"मिस ओपल," तो म्हणाला, "मी टाकी भरली नव्हती."

"मला दिसतं काट्यावरचं. चष्मा वाचायला लागतो." त्यांनी कागद मुलीच्या हातातून घेऊन घडी घातली आणि त्याच्या शर्टाच्या खिशात ठेवला. "लिहिणाऱ्याला नाही दिसलं. तो गेला समाधानानं. आता मागं जाऊन सांगू नकोस त्याला."

डूलीनं हत्यारांची पिशवी उघडली. तळातून काहीतरी काढून त्यानं लायलपुढे धरलं. साडेदहा इंची नळी, खालचं टोक वाकडंतिकडं कापलेलं.

"पिंपातून उचलली," तो म्हणाला. "कॅप्टनचा हात लागलेला होता म्हणून. बसवतोस?"

लायलनं ती दोन्ही हातांत घेतली. मनात आकृती आपोआप तयार झाली. जुनी नळी बसवली तर ती पेट्रोलपर्यंत पोचत नाही. नवी ठेवली तर ती गाळापर्यंत पोचते. टाकीत आठ गॅलन पेट्रोल होतं आणि दोन नळ्या होत्या, आणि दोन्हींपैकी एकही त्यांना घरी नेऊ शकत नव्हती. हे त्यानं सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. ब्रदर अमॉस बोटीच्या कडेवर ओणवे झाले होते, तरी त्यांनी मान हलवली.

"म्हणजे टाकी भरायला हवी होती," डूली म्हणाला.

"हो," लायल म्हणाला. हे त्याला वाटलं होतं तितकं जड गेलं नाही.

त्यानं रेडिओ उचलला. मागच्या वेळचं त्याच्या लक्षात होतं. बटण दाबण्याआधी त्यानं वाक्य मनात जुळवून घेतलं: 'मिस ओपल ही बोट, बोट, बंद पडली आहे, मिस ओपल या बाई सुखरूप आहेत.' कर्ता, क्रियापद, कशातच गैरसमजाला वाव नको.

तो बोलायला तोंड उघडणार एवढ्यात मिस ओपलनी त्याच्या हातावर हात ठेवला. रिकामा डबा त्यांनी पर्सशेजारी नीट उभा केला होता आणि त्यांचा चेहरा चर्चमधल्या दुसऱ्या बाकावर असतो तितकाच गंभीर होता.

"'गेली' म्हण नुसतं," त्या म्हणाल्या.

"मिस ओपल, अहो, मागच्या वेळी गावानं..."

"माहितीये काय केलं गावानं. चौदा भांडी धुवून परत केलीत मी." त्यांनी दूर, पेन्सिलीच्या रेघेएवढ्या किनाऱ्याकडे पाहिलं. "या खेपेला तरी बर्नीस टकर काही पाठवते का, बघायचंय मला."